फक्त या फाइलपुरतं

राइव्होने सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत
सगळी जुनी बटणं बंद.
एकतीस होती, कंपायलरच्या आज्ञेला
शेपटीसारखी लोंबत आलेली.
कुणी कधी लावली, आठवत नाही.
काढायची भीती मात्र सगळ्यांना.

सोमवारी त्रीनूने पहिलं बंद केलं:
ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरला तरी चालेल.
आता चालणार नाही.
कंपायलर बोंबलला, तिने नऊ अर्धविराम दिले,
तो गप्प झाला.
मग टिपेच्या पोटात टीप. बंद.
मग लहान-मोठी अक्षरं एकच मानणं. बंद.
बुधवारी तालिनला साडेतीनलाच अंधारून आलं,
काचेत तिचा चेहरा, चेहऱ्यावर लाल अक्षरं.

खोटं कशाला, तिला आवडत होतं हे.
भाषेला दिलेली एकेक सूट परत घेताना
कपाट आवरल्याचं सुख होतं.

शेवटचं उरलं.
नाव आधी न सांगता वापरलं तरी चालेल.
बंद केलं, तर दोनशे चौदा चुका,
सगळ्या एकाच फाइलमध्ये
आणि सगळ्यांचा एकच प्रश्न:
'यॅ' कोण? ओळख करून दिलेली नाही.

यॅ म्हणजे त्यांच्याकडे बर्फ.
यॅ म्हणजे 'थांब' सुद्धा. उच्चारही तोच.

फाइल होती समुद्र गोठल्यानंतरची.
बेटाची बोट बंद होते आणि पाण्यावरून रस्ता सुरू होतो,
तेव्हा किती वजनाची गाडी सोडायची,
पुढचीत आणि मागचीत अंतर किती,
सगळं यॅच्या जाडीवर.
जाडी कुठून येते, ते कुठेच नाही.
वर फक्त एक टीप, सत्त्याऐंशीच्या जानेवारीतली:
"तेमा सकाळी मोजून कळवेल.
तोवर शून्य धरा. ह. व्हा."

तेमा म्हणजे तो. किंवा ती.
त्यांच्या भाषेत हे बटणच नाही,
माझ्या भाषेत ते बंद होत नाही.
या ओळीपाशी मी दोन दिवस अडून बसलो:
पहाटे सळई घेऊन, बर्फाला भोक पाडायला
निघाला, की निघाली?
शेवटी लिहिलं, कुणीतरी निघालं.
नपुंसकलिंगाने वेळ मारून नेली.

तळमजल्यावरचा हेल्डुर मूळचा हीउमा बेटाचा.
ह. व्हा. कोण, त्याला माहीत नव्हतं.
सूपमध्ये काळा पाव बुडवत तो भलतंच बोलला:
"बर्फावर गाडी घालताना पट्टा सोडायचा असतो.
जमिनीवर लावला नाही तर दंड,
तिथे लावला तर.
बुडालीच, तर दार उघडून बाहेर पडता यायला हवं ना."
"पण नियम बदलतो नेमका कुठे?"
"पुढची चाकं उतरतात तिथे,"
म्हणाला, आणि वाडगा पुसून घेतला.

शुक्रवारी त्रीनूने एकतिसावं बंद केलं.
सगळ्यांसाठी.
मग त्या फाइलच्या डोक्यावर एक ओळ टाकली:
इथे चालू. फक्त इथे.
राइव्हो म्हणाला, हा अपवाद झाला.
ती म्हणाली, हो.
कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं,
"जाडी अजून कळलेली नाही."

गेली काही वर्षं खाडी धड गोठलेली नाही.
रस्त्याच्या पाट्या शेडमध्ये, भिंतीला टेकून.
फाइल मात्र रोज रात्री कंपाइल होते,
दोनशे चौदा जागी यॅ, कुणी नाव विचारत नाही,

शून्य धरून.